जर-तरचे शनिवार

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत आणि त्यांतील भेद मराठी माणूस व्याकरण न शिकताही अचूक पाळतो. ‘आम्ही उद्या पंढरपूरला निघतो आहोत’ असे म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण उद्या पंढरपूरला निघतो आहोत’ असे म्हटले की त्यानेही पिशवी भरावयास घ्यावी. इंग्रजीत या दोहोंसाठी ‘वुई’ हा एकच शब्द आहे. श्रोता आत आहे की बाहेर, हे तो शब्द सांगत नाही. प्रसंगावरून ते ओळखावे लागते. समावेशक आणि व्यावर्तक सर्वनामांचा हा भेद मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. त्याचे सर्वांत जिवंत उदाहरण मात्र मला अमेरिकेतील नेब्रास्का या राज्याच्या राजधानीत, लिंकन शहरात, फुटबॉलवरून चालणाऱ्या भांडणांत सापडले.

येथे फुटबॉल म्हणजे कोल्हापूरची तालीम मंडळे ज्यासाठी जीव टाकतात तो गोल चेंडूचा खेळ नव्हे. हा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळतात, फेकतात आणि क्वचितच पायाने मारतात. खेळाडू शिरस्त्राणे आणि खांद्यांवर कवचे घालून एकमेकांवर आदळतात. खेळणारे विद्यापीठाचे विद्यार्थी असतात, हे खरे. परंतु ‘विद्यापीठाचा संघ’ या शब्दांनी आपल्या डोळ्यांपुढे चुन्याच्या रेषा, चार लोखंडी खुर्च्या आणि क्रीडाशिक्षकांची शिट्टी असे जे चित्र उभे राहते, ते आधी पुसून टाकले पाहिजे. नेब्रास्का विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ८५ हजारांच्या आसपास माणसे बसतात आणि ३ नोव्हेंबर १९६२ पासून तेथील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली आहेत, अशी नोंद आहे. राज्य आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे दोन तृतीयांश, लोकसंख्या मात्र वीस लाखांच्या आसपास. सामन्याच्या शनिवारी हे मैदान राज्यातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर बनते, असे तेथील लोक सांगतात, आणि ते अतिशयोक्त नाही. नगरपालिकेच्या कचरागाडीच्या चालकापासून ग्रंथपालापर्यंत त्या दिवशी सगळे लाल कपड्यांत असतात.

२०२२ च्या शरद ऋतूत एका अभ्यासवृत्तीच्या निमित्ताने मी लिंकनमध्ये चार महिने होतो. ज्यांच्या घरी मी खोली घेतली होती त्या बाई निवृत्त शाळाशिक्षिका होत्या. सत्तरी ओलांडलेली, तरीही आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. त्यांच्या वडिलांनी १९६० च्या दशकात दोन खुर्च्यांची हंगामी तिकिटे घेतली होती. तेथे अशी तिकिटे वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातात; शेताची वाटणी व्हावी तशी त्यांचीही होते. वडिलांमागे एक खुर्ची बाईंकडे आली, दुसरी त्यांच्या धाकट्या भावाकडे. राज्याच्या पश्चिम भागात मका आणि गुरे सांभाळणारा हा भाऊ प्रत्येक सामन्याला चार तास गाडी चालवून येत असे. २००३ च्या डिसेंबरपासून त्याने मैदानात पाऊल टाकलेले नव्हते. त्याची खुर्ची बाईंनी सोडली नव्हती. तिच्यावर कधी शेजारी बसे, कधी भाचा. एका शनिवारी मी बसलो.

२००३ साली काय घडले, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

नेब्रास्काच्या फुटबॉलची कीर्ती दोन माणसांनी उभारली. बॉब डेव्हेनी १९६२ साली प्रशिक्षक झाले आणि १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. १९७३ साली त्यांनी आपली गादी आपल्या तरुण साहाय्यकाच्या, टॉम ऑस्बर्न यांच्या स्वाधीन केली. ऑस्बर्न २५ हंगाम प्रशिक्षक होते. त्यांतील एकाही हंगामात त्यांनी नवापेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन अजिंक्यपदे मिळवून ते निवृत्त झाले आणि पुढे संसदेत निवडून गेले. जाताना त्यांनीही गादी आपल्या साहाय्यकाला दिली: फ्रँक सॉलिच यांना. सॉलिच हे १९६० च्या दशकात डेव्हेनींच्याच हाताखाली खेळलेले. गुरू, शिष्य, प्रशिष्य अशी ही परंपरा होती, आणि परंपरेत शेवटच्या माणसाची जी अडचण होते, ती सॉलिच यांची झाली. पहिल्या दोन पिढ्यांनी जे कमावले होते, ते त्यांच्या दृष्टीने यश नव्हते; ती नुसती अपेक्षा होती.

सॉलिच यांनी सहा वर्षांत ५८ सामने जिंकले आणि १९ गमावले. २००१ च्या हंगामात संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि तेथे मोठ्या फरकाने हरला. २००२ साली सात विजय आणि सात पराभव अशी बरोबरी झाली. २००३ साली संघ पुन्हा सावरला, नऊ जिंकला आणि तीन हरला. शेवटचा सामना परक्या मैदानावर जिंकून संघ परतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सॉलिच यांना काढण्यात आले. काढणारे क्रीडासंचालक स्टीव्ह पीडरसन हेही नेब्रास्काचेच सुपुत्र. संघाला मध्यम दर्जाकडे घसरू देणार नाही, असा त्यांच्या स्पष्टीकरणाचा आशय होता. या निर्णयाचे स्वागत करणारे त्या वेळी पुष्कळ होते. २०२२ साली मात्र त्यांच्यापैकी एकही मला भेटला नाही!

बाईंचा भाऊ त्या दिवशी उठला तो कायमचा. नऊ सामने जिंकणाऱ्या माणसाला जे हाकलतात, त्यांच्या घरी मी पाहुणा म्हणूनही जाणार नाही, असे त्याने बहिणीला सांगितले. बाईंचे मत निर्णयाच्या विरुद्धच होते. पण संघ म्हणजे संचालक नव्हे, असे त्या म्हणत. माणसे येतात आणि जातात, आपली खुर्ची आपली. दोघांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत होते आणि त्याच गोष्टीवरून १९ वर्षे त्यांचे भांडण चालले होते. रविवारी संध्याकाळी दूरध्वनीवर त्यांचा तास दीड तास या विषयावर जाई. भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या त्या एकतर्फी संवादानेच माझे कान प्रथम टवकारले.

बाई म्हणत, ‘सत्त्याण्णव साली आपण अजिंक्य होतो.’ पुढच्याच वाक्यात म्हणत, ‘तीन साली त्यांनी सॉलिचला काढले.’ मूळ इंग्रजी वाक्यांतील ‘वुई’ आणि ‘दे’ यांची ही वाटणी मी पुढे न्हाव्याच्या दुकानात, विद्यापीठाच्या उपाहारगृहात, बसथांब्यावर, सर्वत्र ऐकली. जिंकणारे आपण, काढणारे ते. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. त्यांनी अमेरिकेतील अनेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. आपला फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव छापलेले कपडे अधिक प्रमाणात घालून येत. सामन्याविषयी विचारले असता विजयाचे वर्णन करताना ‘आपण’ हे सर्वनाम अधिक वापरत, पराभवाचे वर्णन करताना मात्र ‘ते’कडे झुकत. परावर्तित वैभवाची ऊब घेणे, असे या वृत्तीचे वर्णन त्यांनी केले. अभ्यास सुंदर आहे. तरी लिंकनच्या लोकांना तो पुरता लागू पडतो, असे मला वाटत नाही. ते पराभवातही ‘आपण’च म्हणत. ‘आपण हरलो’ हे वाक्य मी तेथे त्या चार महिन्यांत पुष्कळ वेळा ऐकले, कारण संघ सारखा हरत होता. त्यांचे ‘ते’ हे सर्वनाम पराभवासाठी नव्हते, निर्णयासाठी होते. हरण्यात माणूस सामील होऊ शकतो. कृतघ्नपणात मात्र त्याला सामील व्हावयाचे नसते.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले जातात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘सॉलिच यांना काढले’ हा स्वार्थ, म्हणजे घडलेल्या गोष्टीचे साधे कथन. लिंकनमधील संभाषणात हा अर्थ फार थोडा वेळ टिके. ‘काढायला नको होते’ म्हणत ते विध्यर्थाच्या छायेत शिरत आणि तेथून थेट संकेतार्थात: ‘काढले नसते, तर आज ही वेळ आली नसती.’ इंग्रजीला यासाठी साहाय्यक क्रियापदांची रांग लावावी लागते; आपल्याकडे ‘नसता’, ‘असता’ एवढ्या एका प्रत्ययात घडून न गेलेल्या जगाचा सबंध इतिहास मावतो. त्या जगात सॉलिच आणखी दहा वर्षे राहिलेले असत, मग त्यांच्या हाताखालचा कोणी तरी चौथा शिष्य आलेला असे, आणि बाईंचा भाऊ दर शनिवारी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असे.

घडलेल्या जगात मात्र सॉलिच यांच्यानंतर व्यावसायिक फुटबॉलमधून बिल कॅलहन आले. पिढ्यान्‌पिढ्या चेंडू घेऊन धावणाऱ्या संघाला त्यांनी चेंडू फेकावयास लावले. २००४ साली संघ पाच जिंकला आणि सहा हरला; १९६१ नंतरचा हा पहिला तोट्याचा हंगाम. २००७ साली कॅलहन गेले. तेव्हा बाहेरचा नको, तापट हवा, असे ठरले आणि बो पेलिनी आले. त्यांनी सातही वर्षे नऊ किंवा दहा सामने जिंकले, आणि २०१४ साली नऊ जिंकले असतानाच त्यांनाही काढण्यात आले. तापट झाला, आता सौम्य हवा. माइक रायली आले, १९ जिंकले, १९ हरले, गेले. परका सौम्य झाला, आता घरचा मुलगा हवा. स्कॉट फ्रॉस्ट आले. प्रत्येक नवा प्रशिक्षक हा आधीच्या प्रशिक्षकाचा विरुद्धार्थी शब्द होता. शालेय व्याकरणपुस्तिकेत ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ असा जो प्रश्न असतो, तो या राज्याने १९ वर्षे कोट्यवधी डॉलर खर्चून सोडवला.

फ्रॉस्ट यांची कथा त्यांतल्या त्यात अधिक दुःखद. वूड रिव्हर या लहानशा गावचा हा मुलगा. १९९७ च्या अजिंक्य संघाचा सूत्रधार तोच होता. २०१७ साली फ्लॉरिडातील एका विद्यापीठाच्या संघाला त्याने सर्वच्या सर्व १३ सामने जिंकून दिले आणि पुढच्या वर्षी तो घरी आला. ज्या मुलाला गावाने खांद्यावर घेतले होते, त्याच्या कारकिर्दीत संघाने १६ सामने जिंकले आणि ३१ गमावले. २०२१ चा हंगाम तर तर्कशास्त्राच्या परीक्षेत विचारावा असा होता: नऊ पराभव, आणि त्यांतील एकही नवापेक्षा अधिक गुणांच्या फरकाने नाही. २०२२ चा पहिला सामना डब्लिनला झाला. ११ गुणांची आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी, गरज नसता, चेंडू जवळच मारून तो पुन्हा आपल्याच ताब्यात घेण्याचा डाव टाकला. डाव फसला, सामना गेला. त्या एका लाथेवर लिंकनमध्ये पंधरा दिवस चर्चा झाली.

१० सप्टेंबरला जॉर्जिया सदर्न विद्यापीठाविरुद्धचा सामना मी भावाच्या खुर्चीवरून पाहिला. या पाहुण्या संघाचे नाव बाईंनाही नीट ठाऊक नव्हते. तोपर्यंत या मैदानावर ३५ किंवा अधिक गुण केल्यावर नेब्रास्का एकदाही हरला नव्हता. २१४ वेळा असे घडले होते आणि २१४ वेळाही संघ जिंकला होता. त्या रात्री त्यांनी ४२ केले आणि ते ४५ विरुद्ध ४२ असे हरले. शेवटच्या मिनिटात पाहुण्यांनी आघाडी घेतली तेव्हा ओरडणेही थांबले. एवढ्या माणसांची शांतता मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. पाहुणा संघ मैदान सोडताना त्याला टाळ्या वाजवून निरोप देण्याची तेथे जुनी रीत आहे. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘उद्या काढतील.’

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फ्रॉस्ट यांना काढण्यात आले. करारानुसार विद्यापीठाने त्यांना दीड कोटी डॉलर देणे होते. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते, तर ही रक्कम निम्म्यावर आली असती. तीन आठवड्यांचा धीर न धरण्याची किंमत ७५ लाख डॉलर. विभागातील एका सहकाऱ्याने हा हिशेब फळ्यावर मांडून, तेवढ्यात भाषाशास्त्राची किती अध्यापकपदे भरता आली असती, तेही लिहून ठेवले होते. संकेतार्थ तेथेही होताच.

या सर्व वादांत दोन्ही पक्ष पुरावा म्हणून ऑस्बर्न यांच्याकडे जात, आणि आश्चर्य म्हणजे दोघांनाही तो मिळे. धीर धरा म्हणणारे सांगत, की ऑस्बर्न यांना पहिल्या अजिंक्यपदासाठी २२ हंगाम लागले. २००३ चा न्याय त्यांना लावला असता, तर १९९४ साल उजाडलेच नसते. धीर न धरणारे सांगत, की पण तोवर दरवर्षी ते नऊ तरी जिंकत होते. २ जानेवारी १९८४ च्या रात्रीची गोष्ट तर मला न विचारता सहा जणांनी सांगितली. मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटात गुणसंख्या ३१-३० झाली. एका साध्या लाथेने बरोबरी साधता आली असती, आणि अपराजित नेब्रास्काला बहुधा अजिंक्यपद मिळाले असते. ऑस्बर्न यांनी बरोबरी नाकारली, विजयासाठी दोन गुणांचा अवघड डाव टाकला, आणि तो फसला. बरोबरीने मिळणारे पद न घेता हरलेला हा माणूस त्या राज्याला पूज्य आहे. नऊ सामने जिंकलेल्या त्याच्या शिष्याला त्याच राज्याने निरोपाचा सामनाही दिला नाही. या विसंगतीचे उत्तर मी अनेकांना विचारले. बाईंच्या भावाने, एकदा दूरध्वनी माझ्या हाती आला असता, एका वाक्यात दिले: ‘तेव्हा आम्हांला आणखी काही तरी व्हायचे होते, नंतर फक्त पुन्हा तेच व्हायचे होते.’

संघाच्या पडतीला प्रशिक्षकच कारण होते का? माझ्या मते, अंशतः. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडावी, तसे यात बरेच आहे. एकेकाळी एखादे विद्यापीठ पाहिजे तितक्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे ठेवू शकत असे. ही मर्यादा १९७३ साली १०५ वर, पुढे ९५ वर आणि १९९४ पर्यंत ८५ वर आणण्यात आली. १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील मध्यवर्ती नियंत्रण संपले, आणि पडद्यावर दिसण्यासाठी नेब्रास्कालाच जाण्याची खेळाडूंना गरज उरली नाही. व्यायामशाळेचे शास्त्र या विद्यापीठाने १९६९ पासून इतरांच्या आधी विकसित केले होते. इतरांनी ते उचलले. आणि मुळात राज्यात मुलेच थोडी. पश्चिमेकडील कित्येक शाळांत ११ मुलांचा संघ उभा राहत नाही म्हणून आठ मुलांचा, कोठे कोठे सहा मुलांचा फुटबॉल खेळतात. बाई ज्या गावी शिकल्या, तेथील शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली होती. एके काळी अशाच शेतांवरची धष्टपुष्ट मुले शिष्यवृत्तीवाचून, स्वखर्चाने संघात दाखल होत आणि चार वर्षांनी मैदान गाजवीत.

हे सारे लिंकनमधील माणसांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. तरी भांडताना ते शिष्यवृत्तीच्या मर्यादेवर भांडत नसत. ओस पडत चाललेल्या गावाला उद्देशून ‘तुला काढायला नको होते’ असे म्हणता येत नाही. सॉलिच यांच्याविषयी म्हणता येते. बाईंच्या भावाला तीन मुले. तिन्ही डेन्व्हर आणि शिकागोकडे गेलेली. त्याविषयी रविवारच्या संभाषणात एक शब्दही निघत नसे.

सॉलिच स्वतः या वादात कधी उतरले नाहीत. २००५ साली ते ओहायो विद्यापीठात गेले, तेथे १६ हंगाम प्रशिक्षक राहिले आणि त्या गटाच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक ठरले. हे विजय मोजून ठेवणारी माणसे लिंकनमध्ये होती. न्हाव्याच्या दुकानातील भिंतीवर त्यांचे एक जुने छायाचित्र होते. ते लाल कपड्यांतील होते, ओहायोच्या हिरव्या नव्हे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅट रूल यांची नेमणूक झाली. बाहेरचा, पण पडलेले संघ उभे करण्याचा अनुभव असलेला. डिसेंबरात मी परतलो.

२०२४ च्या वसंत ऋतूत बाईंचे पत्र आले. संघाच्या सरावसामन्याच्या निमित्ताने विद्यापीठाने सॉलिच यांना सन्मानाने मैदानात बोलावले होते. जवळजवळ २० वर्षांनी ते तेथे आले आणि लोकांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले, असे त्यांनी लिहिले होते. भावाला त्यांनी आठवडाभर आधी कळवले होते. आता तरी ये, तुझी अट पूर्ण झाली. तो आला नाही. त्याने घरीच दूरचित्रवाणीवर तो प्रसंग पाहिला आणि रविवारी, नेहमीच्या वेळी, दूरध्वनी केला. दहा वर्षांपूर्वी बोलावले असते तर मी आलो असतो, असे तो म्हणाला, आणि मग तास दीड तास दोघे त्यावर बोलली. पत्राच्या शेवटी बाईंनी नव्या प्रशिक्षकाविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या. माणूस चांगला वाटतो, घाई करू नये असे त्यांचे मत होते. पण पहिल्या हंगामात शेवटचे चार सामने त्याने तसे गमवायला नको होते.